साचा परका, अक्षरे आपली

(मुख्याध्यापकांच्या लेखणीतून)



आपले हे वार्तापत्र आता छापील प्रतीबरोबर संकेतस्थळावरही असावे, अशी मागणी माजी विद्यार्थी बरेच दिवसांपासून करीत आहेत. कोणी पुण्याला आहे, कोणी बंगळूरला, कोणी सातासमुद्रापार. इंदूरहून पोस्टाने गेलेला अंक त्यांच्या हाती पडेपर्यंत पुढचा अंक छापखान्यात गेलेला असतो. मागणी योग्यच आहे. मतभेद आहे तो एवढ्यावरच की हे काम कोणी करावे आणि कसे करावे. पालक सभेत काहींनी सुचविले की एखाद्या व्यावसायिकाला पैसे देऊन मोकळे व्हावे. काहींचे म्हणणे असे की तयार थीम फुकट मिळते, ती लावावी आणि आहे तशी वापरावी. आम्हाला ही दोन्ही मते पटत नाहीत. थीम तयार घ्यावी, त्यात कमीपणा नाही. पण तिच्यातली भाषा, अक्षरे आणि शब्द आपण स्वतः, आपल्या मुलांच्या हातून बसवून घ्यावेत, असे आमचे ठाम मत आहे. ते का, हे सविस्तर सांगतो.

आधी साध्या शब्दांत पाहू की आपल्याला हवे आहे ते काय. संकेतस्थळे दोन तऱ्हेची असतात. एका तऱ्हेत वाचक आला की सर्व्हर डेटाबेसमधून मजकूर काढतो, पान जुळवतो आणि पुढे करतो. सराफ्यात गिऱ्हाईक आल्यावर जिलबी कढईत पडते, तसे. दुसऱ्या तऱ्हेत पाने आधीच तयार करून ठेवलेली असतात. हे दिवाळीच्या फराळासारखे. चकल्या एकदा तळून डबा भरला की पाहुणा आल्यावर फक्त ताटलीत वाढायचे. या दुसऱ्या तऱ्हेला स्थिर संकेतस्थळ म्हणतात. महिन्यातून एकदा निघणाऱ्या वार्तापत्राला डबाच पुरतो. कढई सतत तापत ठेवण्याचे कारण नाही, आणि तिची राखण करायला आपल्याकडे माणूसही नाही.

अशी पाने तयार करून देणारी साधने मोफत उपलब्ध आहेत. टॉम प्रेस्टन-वर्नर यांनी २००८ साली केलेले ‘जेकिल’ आणि स्टीव्ह फ्रान्सिया यांनी २०१३ साली सुरू केलेले ‘ह्युगो’ ही त्यातली दोन प्रसिद्ध नावे. लेख साध्या मजकुराच्या फायलीत लिहायचा. त्यात ठळक, मथळा, यादी एवढ्या खुणा करायला ‘मार्कडाउन’ नावाची सोपी पद्धत आहे, जी जॉन ग्रुबर यांनी २००४ साली मांडली. मजकूर एकीकडे आणि त्याचे रूप दुसरीकडे. हे रूप म्हणजेच थीम, अर्थात पानाचा साचा. रूप आणि मजकूर वेगळे ठेवण्याचा हा विचार जुनाच आहे. हाकोन व्हिउम ली यांनी ऑक्टोबर १९९४ मध्ये ‘सीएसएस’ची कल्पना मांडली आणि डिसेंबर १९९६ मध्ये तिला अधिकृत मान्यता मिळाली. आजच्या सगळ्या थीम याच पायावर उभ्या आहेत.

या वेगळेपणाचा आपल्याला मोठा फायदा आहे. उद्या थीम जुनी झाली, साधन बंद पडले, तरी लेखांच्या फायली आपल्या कपाटात राहतात. लोकांनी हौसेने बांधलेली असंख्य पाने असलेले जिओसिटीज अमेरिकेत २००९ साली बंद झाले. आपल्याकडे घरोघरी पोहोचलेले ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले. दुसऱ्याच्या वाड्यात ठेवलेल्या सामानाचे काय होते, हे त्यावरून कळते.

आता थीम लावण्याविषयी. ह्युगोमध्ये निवडलेली थीम ‘थीम्स’ नावाच्या फोल्डरमध्ये ठेवायची आणि मांडणीच्या फायलीत तिचे नाव एका ओळीत लिहायचे. झाले. जेकिलबरोबर ‘मिनिमा’ नावाची साधी थीम आधीपासूनच येते. खरा प्रश्न येतो तो बदल करताना. मुले उत्साहाने थीमचीच फाईल उघडतात आणि तिच्यात खाडाखोड करतात. हे टाळावे. थीमच्या कर्त्याने नवी आवृत्ती काढली आणि आपण ती घेतली की आपले सगळे बदल पुसले जातात. दोन्ही साधनांत यावर सुरेख उपाय आहे. जी फाईल बदलायची, तिची त्याच नावाची प्रत आपल्या फोल्डरमध्ये त्याच जागी ठेवायची. साधन आधी आपली फाईल पाहते, ती नसेल तरच थीमची घेते. भाड्याच्या घरात आपण भिंती पाडत नाही. पडदे आपले लावतो, देव्हारा आपला मांडतो, दारावर पाटी आपली ठोकतो. घरमालकाने घराला रंग दिला तरी पाटी जागेवर राहते.

थीम निवडताना आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली, परवाना. पुष्कळ थीम एमआयटी परवान्याखाली मिळतात. वापरायला, बदलायला मोकळीक असते, पण मूळ कर्त्याची परवान्याची नोंद काढून टाकायची नसते. शाळेने हा नियम कसोशीने पाळावा, कारण परीक्षेत दुसऱ्याचे उत्तर उतरवू नका असे आपण मुलांना सांगतो. दुसरी, वजन. चित्रे सरकत आहेत, दिवे लुकलुकत आहेत, मजकूर उडत येत आहे, अशी थीम दाखवायला छान वाटते. पण ज्या पालकांचा फोन जुना आहे आणि डेटा मोजून वापरावा लागतो, त्यांच्याकडे ती उघडता उघडत नाही. थीम अशा एखाद्या जुन्या फोनवर उघडून पाहावी आणि मगच होकार द्यावा.

येथपर्यंतचे काम कोणत्याही शाळेचे, कोणत्याही भाषेचे. यापुढचे काम मात्र आपलेच आहे, आणि तेच व्यावसायिकावर सोपवू नये असे आम्ही म्हणतो.

प्रत्येक पानाच्या अगदी सुरुवातीला, वाचकाला न दिसणारी एक खूण असते. हे पान कोणत्या भाषेत आहे ते ती सांगते. बहुतेक थीममध्ये तेथे इंग्रजीचा संकेत असतो. आपल्या गावात कोणी बदल करील तर बहुधा हिंदीचा संकेत ‘एचआय’ टाकील, कारण ‘अक्षरे तर तीच आहेत’. मराठीचा संकेत ‘एमआर’ आहे. दोन अक्षरांचा फरक, पण परिणाम लहान नाहीत. दृष्टिहीन वाचक पान ऐकतो तेव्हा ऐकवणारे साधन याच खुणेवरून उच्चार निवडते. खूण इंग्रजीची असेल तर मराठी मजकूर इंग्रजी आवाजाकडे जातो आणि काहीच्या काही ऐकू येते. खूण हिंदीची असेल तर शब्दांच्या शेवटाचे, ‘च’ आणि ‘ज’चे मराठी उच्चार हरवण्याचा धोका असतो.

अक्षरांची रूपेही याच खुणेवर अवलंबून असू शकतात. मराठीत ‘ल’ पाकळीचा आणि ‘श’ देठाचा लिहिण्याची रीत आहे. महाराष्ट्र शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयातही हीच रूपे प्रमाण मानली आहेत. हिंदीत या दोन्ही अक्षरांची घडण वेगळी. ज्या फॉन्टमध्ये तशी सोय केलेली असते, तो फॉन्ट ‘एमआर’ ही खूण पाहून मराठी रूपे दाखवतो, आणि ती नसेल तर हिंदी वळणाची. ‘तिरो देवनागरी’ या फॉन्टच्या तर हिंदी, मराठी आणि संस्कृत अशा तीन निराळ्या आवृत्त्या आहेत. फॉन्ट घडवणाऱ्यांना जो फरक जपावासा वाटला, तो आपण एका ओळीच्या आळसाने घालवू नये.

येथे कोणी गैरसमज करून घेऊ नये. आमचे पदवीपर्यंतचे सगळे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. हिंदीने आम्हाला ज्ञान दिले, नोकरी दिली, मित्र दिले. तिच्याविषयी आमच्या मनात कृतज्ञताच आहे. म्हणूनच अधिकाराने सांगतो की एका लिपीत लिहिल्या जातात म्हणून दोन भाषा एक होत नाहीत. महाराष्ट्रातल्या शाळेला ही चिंता नाही. तेथे रस्त्यावरची पाटी, बसचा फलक, दुकानाचे नाव मुलांना मराठी अक्षर रोज दाखवतात. आपल्या मुलांना ते घरी आणि शाळेत, एवढ्या दोनच ठिकाणी दिसते. तिसरे ठिकाण आपण नव्याने उभे करीत आहोत, तर ते नीट उभे करावे. केंद्र सरकारने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, तेव्हा आपण पेढे वाटले. पेढे संपले. आता ही बारीकसारीक कामे उरली आहेत.

फॉन्टविषयी थोडे आणखी. २००० नंतरच्या दशकात अनेक मराठी संकेतस्थळे आपापल्या खास फॉन्टमध्ये असत. तो फॉन्ट आपल्या संगणकावर उतरवून घेतला नाही तर पानभर अगम्य चिन्हे दिसत. युनिकोड रुळल्यावर ती अडचण दूर झाली. आता ‘मुक्त’ हा मुंबईच्या एक टाइप संस्थेचा फॉन्ट किंवा गूगलचा ‘नोटो’ असे चांगले फॉन्ट खुल्या परवान्याने मिळतात. पण फॉन्ट निवडताना एका वाक्याची परीक्षा घ्यावी. आम्ही मुलांना हे वाक्य दिले आहे : ‘आचार्यांनी ॲप उघडून आचाऱ्याला दऱ्याखोऱ्यांतल्या कोवळ्या पालेभाज्या दाखवल्या.’ यात ‘र्य’ आणि ‘ऱ्य’ दोन्ही आहेत, ‘ळ’ आहे, आणि २००८ साली युनिकोडमध्ये दाखल झालेला ‘ॲ’ही आहे. ज्या फॉन्टने मराठीचा विचार केलेला नाही, तो येथे कोठेतरी अडखळतो. आचार्य आणि आचारी यांतला फरक ज्याला दाखवता येत नाही, तो फॉन्ट शाळेच्या कामाचा नाही.

निवडलेला फॉन्ट आपल्याच संकेतस्थळावर ठेवावा, दुसरीकडून ओढून आणू नये. म्हणजे वाचकाची ये-जा तिऱ्हाइताला कळत नाही. आणि त्याची साधी व ठळक अशी दोनच वजने घ्यावीत. ‘मुक्त’ सात वजनांत मिळतो, पण जोडाक्षरांमुळे देवनागरी फॉन्टच्या फायली मुळातच मोठ्या असतात. सातही घेतली तर पान जड होते.

यानंतर साच्याची मापे. इंग्रजीसाठी केलेल्या थीममध्ये ती इंग्रजी अक्षराच्या अंगाने बेतलेली असतात. आपली अक्षरे दोन्हीकडे वाढतात. वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार, आणि खाली उकार, ऋकार, जोडाक्षराचा पाय. म्हणून ओळींतले अंतर वाढवावे लागते. अक्षराच्या उंचीच्या दीडपट अंतर इंग्रजीला पुरते, तर आम्हाला पावणेदोनपट बरे वाटले. त्याच मापात देवनागरी अक्षर थोडे लहानही दिसते, तेव्हा सोळाऐवजी अठरा ठेवावे. मथळ्यात अक्षरे सुटी सुटी करण्याची हौस पुष्कळ थीममध्ये असते. ती ताबडतोब काढावी, नाहीतर शिरोरेषेचे तुकडे पडतात आणि शब्द दात पडलेल्या फणीसारखा दिसतो. तिरपी अक्षरे ही इंग्रजी छपाईची रीत. आपल्याकडे जोर द्यायला ठळक अक्षर पुरते. फिकट करड्या रंगातला मजकूर सध्या फॅशनमध्ये आहे, पण आजी-आजोबांना तो दिसत नाही. मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचे प्रमाण किमान साडेचारास एक असावे, असा जागतिक संकेत आहे. त्याखाली जाऊ नये.

आता सर्वांत रंजक भाग, शब्दांचा. थीममध्ये पन्नासेक लहान लहान इंग्रजी शब्द पेरलेले असतात. पुढे वाचा, आधीचा लेख, मागील अंक, शोधा, पान सापडले नाही, अशा अर्थांचे. ह्युगोमध्ये या सगळ्यांसाठी एक वेगळी फाईल असते. मराठीची फाईल करून तीत एकेका शब्दासमोर आपला शब्द लिहायचा. काम सोपे वाटते, पण करायला बसल्यावर व्याकरण समोर उभे राहते.

एक उदाहरण देतो. इंग्रजी थीम ‘अमुक यांनी लिहिले’ किंवा ‘अमुक विभागात’ हे शब्दांचे तुकडे जोडून तयार करते. एक तुकडा ठरलेला, दुसरा बदलता. मराठीत हे चालत नाही. ‘कविता’ या विभागाच्या नावापुढे ‘मध्ये’ जोडले तर ‘कवितामध्ये’ होईल. आपण ‘कवितेमध्ये’ म्हणतो. ‘शाळा’ असेल तर ‘शाळेत’, ‘सहल’ असेल तर ‘सहलीत’. नाम बदलले की सामान्यरूप बदलते, आणि यंत्राला सामान्यरूप कळत नाही. नववीच्या मुलांनी यावर तोडगा काढला : वाक्य करायचेच नाही. ‘विभाग : कविता’, ‘लेखन :’ आणि पुढे नाव. लेखक की लेखिका हा प्रश्नही ‘लेखन’ या शब्दाने सुटला. वचनाचेही तसेच. ‘१ मिनिट’, पण ‘५ मिनिटे’. त्या फाईलमध्ये एकवचन आणि अनेकवचन वेगवेगळे देण्याची सोय आहे, हे मुलांनी शोधून काढले. सामान्यरूपाचा धडा फळ्यावर शिकवताना आम्ही इतका जिवंत प्रतिसाद क्वचितच पाहिला असेल.

तारखेचेही मराठीकरण करावे लागते. महिना आधी आणि दिवस नंतर हा अमेरिकी क्रम बदलून ‘५ मार्च’ असा आपला क्रम द्यावा, महिन्यांची नावे मराठीत द्यावीत, आणि अंक देवनागरी हवेत तर त्यांची बदली-यादी द्यावी. पानाचा पत्ता मात्र रोमन लिपीतच ठेवावा, असे आमचे मत आहे. पत्त्यात देवनागरी घातली तर तो दुसरीकडे चिकटवताना एकेका अक्षराची किंवा मात्रेची नऊ नऊ चिन्हे होतात, आणि ओळ पाहूनच माणूस घाबरतो. अभिमान कोठे उपयोगी आणि कोठे अडचणीचा, हेही समजायला हवे.

एक सावधगिरी मुख्याध्यापक म्हणून सांगणे भाग आहे. अशी पाने ‘गिटहब पेजेस’सारख्या ठिकाणी विनामूल्य ठेवता येतात, पण तेथे खुल्या ठेवलेल्या फायलींचा जुना इतिहासही खुला राहतो. आज टाकलेला फोन नंबर उद्या खोडला तरी मागच्या आवृत्तीत सापडतो. तेव्हा मुलांची पूर्ण नावे, पत्ते आणि फोटो घालण्याआधी पालकांची लेखी परवानगी घ्यावी, आणि शंका असेल तर घालूच नये.

यावर आक्षेप ठाऊक आहेत. ‘पीडीएफ व्हॉट्सॲपवर टाकली की झाले, एवढा खटाटोप कशाला?’ पीडीएफ फोनवर बोटांनी ताणून वाचावी लागते, आणि दोन दिवसांत ती शेकडो शुभेच्छांखाली गडप होते. तीन वर्षांपूर्वीची स्नेहसंमेलनाची बातमी त्यातून कोण शोधणार? दुसरा आक्षेप अधिक गंभीर : ‘मुलांची परीक्षा, अभ्यास, त्यात हे.’ आम्ही असे म्हणतो की हे अभ्यासाबाहेरचे नाहीच. व्याकरण, शुद्धलेखन, भाषांतर आणि संगणक एकाच कामात येतात, आणि काम खरे असते. तिसरा आक्षेप असा की मुले शाळा सोडून जातील, मग पुढे काय? म्हणूनच प्रत्येक बदलाची नोंद एका वहीत, मराठीत, तारखेसह ठेवण्याचा नियम केला आहे. दहावीची मुले जाताना ती वही आठवीच्या हाती देतील. व्यावसायिकाकडे काम दिले असते तर ही वही त्याच्या कपाटात राहिली असती.

शेवटी वाचकांना एक विनंती. शब्दांच्या यादीतले तीन शब्द अजून ठरलेले नाहीत. पहिल्या पानाला ‘मुखपृष्ठ’ म्हणावे की ‘पहिले पान’? विषयवार खुणांना ‘विषय’ म्हणावे की ‘खूणचिठ्ठी’? आणि पान सापडले नाही तर वाचकाला काय सांगावे? एका मुलीने सुचविले आहे, ‘हे पान सुट्टीवर आहे.’ आम्हाला ते आवडले, पण मराठी विभागाच्या बाईंना ‘पान सापडले नाही’ हेच साधे बरे वाटते. आजी-आजोबांनी, माजी विद्यार्थ्यांनी आपले मत चिठ्ठीवर लिहून कार्यालयाबाहेरच्या पेटीत टाकावे किंवा मुलांबरोबर पाठवावे. पुढच्या अंकाआधी यादी पूर्ण करायची आहे.

कळावे, लोभ असावा.

— मुख्याध्यापक